गंगापूर धरणात मोटरबोटीच्या डिझेल इंजिनाचा जोर चालता चालता अचानक गेला. कारण कसं शोधू?

आधी तापमानाचा काटा बघा. चढला असेल तर इंजिन लगेच बंद, बाकी सगळं नंतर.

काटा ठीक असेल तर न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. तिथेही आरपीएम चढत नसेल तर बहुधा डिझेल कमी पोचतंय. फिल्टरच्या वाटीत पाणी किंवा गाळ आहे का पाहा. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी राहिली की आत बाष्पाचं पाणी साचतं. टाकीचं झाकण सैल करताच जोर आला, तर टाकीत हवा घेणारी नळी तुंबलीय.

न्यूट्रलमध्ये छान, पण गिअर टाकताच काळा धूर सोडून दबतंय? बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जलपर्णी किंवा दोर अडकला असणार. गोदावरीला जलपर्णी नवी नाही. हात घालण्याआधी इंजिन बंद आणि चावी खिशात, एवढं कृपा करून पाळाच. पंखा मोकळा निघाला तर एअर फिल्टर आणि टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाचा) पाइप तपासा.