प्रोग्रॅमिंगसाठी विंडोज, मॅक की लिनक्स?

तुम्ही वेब डेव्हलपमेंट शिकताय, लॅपटॉपवर विंडोज आहे. ते काढून लिनक्स टाकावं की मॅक घ्यावा, असा तुमचा प्रश्न. मी आधी एकच गोष्ट बघतो: लिहिलेला कोड शेवटी चालणार कुठे? वेबचं बॅकएंड (वेबसाइटचा पडद्यामागचा भाग) बहुतेक वेळा लिनक्स सर्व्हरवरच जातं.

याचं महत्त्व मला कळलं ते एका फाइलच्या नावापायी. मी मॅकवर काम करत होतो. फाइलचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू होणारं, इम्पोर्टमध्ये (ती फाइल कोडमध्ये जोडणाऱ्या ओळीत) मात्र मी ते स्मॉलमध्ये लिहिलेलं. माझ्याकडे सगळं सुरळीत, सर्व्हरवर ‘फाइल सापडत नाही’ म्हणून बिल्ड (कोडपासून चालणारं ॲप तयार होणं) अडलेलं. मॅक आणि विंडोज सहसा नावातल्या कॅपिटल-स्मॉलमध्ये भेद करत नाहीत, लिनक्स करतं. फाइलचं नाव बदलून पाहिलं, तर गिटला (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलला) तो बदल दिसेचना. शेवटी ‘गिट एमव्ही’ ही गिटचीच कमांड वापरून नाव बदललं तेव्हा सुटका झाली. अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

तरीही लगेच विंडोज पुसू नका. डब्ल्यूएसएल २ टाका, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय. २०२० पासून विंडोज १०वर ते सर्वांना मिळतंय आणि त्यात खरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) आहे. फक्त प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलात तर प्रत्येक बारीकसारीक फाइलसाठी दोन सिस्टिममध्ये ये-जा होते आणि एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेजेस उतरवून घेणारी कमांड) रखडतं. एवढ्यावरून लोक डब्ल्यूएसएलला नावं ठेवतात, ते मला पटत नाही. हो, ते व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर) चालतं, त्यामुळे १६ जीबी रॅम असलेली बरी. ८ जीबीच असेल तर थेट उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकणं मला जास्त योग्य वाटतं.

आयफोनची ॲप्स करायची असतील तर प्रश्नच नाही, त्यासाठीचं ॲपलचं सॉफ्टवेअर एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. विंडोजची डेस्कटॉप सॉफ्टवेअर्स करायची तर विंडोजच ठेवा. नव्या मॅकमध्ये एआरएम (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा) प्रोसेसर असतो, तेव्हा डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) बनवताना सर्व्हरचा प्रोसेसर कोणता ते आधी पाहा.

उबंटू टाकलंत तर एलटीएस (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) घ्या: दर २ वर्षांनी नवी आवृत्ती येते, तिला ५ वर्षं अपडेट मिळतात. टाकण्याआधी ते पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, आवाज आणि झाकण बंद केल्यावर लॅपटॉप नीट झोपतो-उठतो का, एवढं तपासून घ्या.