काळी दाढी, हिरवे ठिपके आणि अर्धवट सीओटू

प्रश्न आहे माशांच्या टाकीतलं शेवाळ कसं घालवायचं हा. त्यातली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी, म्हणजे माती-दगड वजा जाता ५० लिटरच्या आसपास पाणी. पाण्यातली झाडं अनुबियास, जावा फर्न, थोडं मॉस आणि दोन क्रिप्टोकोरीन. दिवा रोज दहा तास. झाडांसाठी सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्यावर चालणारा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू), तो रात्री आठवण राहिली तर हाताने बंद. पानांच्या कडांना काळे केसाळ झुपके, काचेवर न निघणारे हिरवे ठिपके. दुकानदाराने शेवाळ मारायच्या औषधाची बाटली दिली आणि खत बंद करायला सांगितलं. त्याला महिना होऊन गेला आणि शेवाळ वाढतंच आहे.

ती बाटली आधी बाजूला ठेवा. घटक छापलेले नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. अशा औषधांपैकी काहींमध्ये तांबं असतं, आणि तांब्याने शेवाळाच्या आधी तुमचे श्रिंप आणि गोगलगायी जातील.

तुमच्याकडे शेवाळं दोन आहेत आणि दोघांची कारणं वेगळी आहेत. काळे झुपके म्हणजे ब्लॅक बिअर्ड, आपल्याकडे सगळे काळी दाढीच म्हणतात. रंग काळा दिसला तरी ही लाल शेवाळांच्या कुळातली. खात्री करायची तर एक खराब पान कापून वाटीभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा. काळेपणा उतरून झुपका लालसर दिसू लागला की ओळख पटली.

सीओटू कमी असणाऱ्या टाक्यांपेक्षा तो रोज वेगवेगळा असणाऱ्या टाक्यांत मी ही दाढी जास्त पाहिली आहे. सायट्रिकच्या बाटल्या भरल्या की पहिले काही दिवस जोरात बुडबुडे येतात, मग दाब उतरत जातो, मग एक दिवस काहीच येत नाही. त्यात रात्री कधी बंद, कधी चालू. झाडांना एका पातळीची सवय होते न होते तोच पातळी बदलते. अनुबियास तर मुळातच संथ, त्याचं एकेक पान कितीतरी महिने टिकतं, म्हणून दाढीला बसायला तेच पान आवडतं. वर दहा तासांचा दिवा. झाडाला जेवढा उजेड वापरता येत नाही तेवढा शेवाळ वापरतं.

म्हणून माझा सल्ला कदाचित तुम्हाला उलटा वाटेल: सीओटू पूर्ण बंद करा. तुमच्या यादीतल्या एकाही झाडाला तो वेगळा द्यावा लागत नाही. एक तर तो रोज सारखा द्या, नाहीतर देऊच नका. मधला प्रकार सगळ्यात वाईट. दिवा सहा तासांवर आणा आणि तोही टायमरवर, कारण ‘ऑफिसातून आल्यावर लावतो’ याला वेळापत्रक म्हणत नाहीत. दिव्याला डिमर असेल तर निम्म्यावर ठेवा. नसेल तर वर सॅल्व्हिनिया किंवा पिस्टिया सोडा. तरंगणाऱ्या झाडांना सीओटू थेट हवेतून मिळतो, त्यामुळे ती झपाट्याने वाढतात, पाण्यातलं नायट्रेट ओढतात आणि खाली सावलीही देतात. दर आठवड्याला मूठभर काढून कुंडीत टाकायची, एवढंच काम.

सीओटू ठेवायचाच असेल तर मग नीट: सिलिंडर, सोलेनॉइड (विजेवर गॅस चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह) आणि टायमर. गॅस दिव्याच्या एक-दोन तास आधी सुरू व्हायला हवा. ड्रॉप चेकरमध्ये (सीओटूप्रमाणे रंग बदलणारी, टाकीत लावायची छोटी कुपी) टाकीतलं पाणी भरू नका, ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तयार पाणीच वापरा. नाहीतर रंग दिसेल पण त्याला अर्थ नसेल. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम (लिटरला ३० मिलिग्रॅम), पिवळा म्हणजे मासे वर येऊन श्वास घ्यायला लागायच्या आत व्हॉल्व्ह कमी करा. बहुतेकजण हा रंग संध्याकाळी बघून खूश होतात. दिवा लागतो त्या क्षणी तो हिरवा हवा. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यात गॅस कमी विरघळतो, ऑक्सिजनसुद्धा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी रोज थोडं वर घालावं लागतं.

आता आहे ती दाढी. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, पण केमिस्टकडे आपल्याकडे मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं. ते आरओच्या पाण्यात निम्म्यास निम्मं करून ३ टक्क्यांवर आणा. अनुबियास आणि फर्न लाकडाला बांधलेले असतील तर लाकडासकट बाहेर काढा, झुपक्यांवर फवारा, पाचेक मिनिटं थांबा, धुऊन परत ठेवा. बाहेर काढता येत नसेल तर फिल्टर बंद करून सिरिंजने अगदी झुपक्यालगत सोडा. ५० लिटरला एका दिवशी २० मिलीच्या पुढे जाऊ नका आणि दहा मिनिटांनी फिल्टर चालू करा. मॉसवर मारू नका, ते जळतं. दोन-तीन दिवसांत दाढी गुलाबी, मग पांढरी पडेल. पांढरी पडलेली दाढी अमानो श्रिंप आवडीने खातात, जिवंत काळीला सहसा तोंड लावत नाहीत. अर्धं पान काळं झालं असेल तर औषधोपचार सोडा आणि ते देठापासून कापा.

काचेवरच्या ठिपक्यांची गोष्ट निराळी. जास्त उजेड आणि कमी फॉस्फेट असलं की ते येतात, म्हणजे खत बंद केल्याने ते वाढलेच असतील. दुकानदाराला दोष देत नाही; १९९० च्या दशकात फॉस्फेट आवळलं की शेवाळ आवळतं, हे मत खरोखरच चालायचं. पुढे पाण्यातल्या झाडांचे जाणकार टॉम बार यांच्यासारख्यांनी भरपूर झाडांच्या टाकीत फॉस्फेट मुद्दाम घालून दाखवलं आणि शेवाळ काही आलं नाही. महागडी बाटली आणायची गरज नाही. कृषी सेवा केंद्रात द्राक्षवाले नेतात ते ०:५२:३४ मागा, ते मोनो पोटॅशियम फॉस्फेटच असतं. ७ ग्रॅम एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिली तुमच्या टाकीत साधारण १ पीपीएम फॉस्फेट देईल. आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर. १९:१९:१९ मात्र चुकूनही नको, त्यात युरिया आणि अमोनिया असतो. जुने ठिपके याने जात नाहीत, ते जुन्या एटीएम कार्डाने खरवडा (टाकी ॲक्रिलिकची असेल तर कार्डही जपून).

दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला, नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवून. तळाला साचलेलं खाणं आणि कुजकी पानं त्याच वेळी ओढून घ्या, दाढीला हा कचरा फार मानवतो. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. मासे किती आणि खाणं किती वेळा ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका.

टाकी तीन दिवस चादरीने झाकायचा उपाय कोणीतरी सुचवेलच. हिरवं पाणी झालं असेल तर तो चालतो, निळसर हिरव्या कुबट वासाच्या साईवरही चालतो (ते शेवाळ नसून बॅक्टेरिया असतात). दाढीवर त्याचा काही परिणाम होत नाही. मात्र गणपतीला चार-पाच दिवस गावी जाणार असाल तर दिवा बंद ठेवून खुशाल जा. शेजाऱ्यांना मासे सांभाळायला सांगू नका, ते प्रेमाने अख्खा डबा रिकामा करतात.

दाढी खाणारा म्हणून सायामीज अल्गी ईटर मागाल तर मासा नीट बघून घ्या. खऱ्याची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते. त्याच नावाखाली चायनीज अल्गी ईटर खपवतात, तो मोठा झाला की शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगाला चिकटतो. तसाही खरा सायामीज पाच-सहा इंचांचा होतो, तुमच्या दोन फुटांत मी तो सोडणार नाही. अमानो पाच-सहा आणा, महाग असले तरी.

नवं पान स्वच्छ येतंय का एवढंच बघत राहा, जुन्या पानांवरून काही ठरवू नका. अनुबियासचं नवं पान यायला तीन-चार आठवडे लागतील. तोवर दिव्याचे तास वाढवू नका. सीओटू बंद करताय की सिलिंडर घेताय ते कळवा. सिलिंडर घेणार असाल तर कोणता रेग्युलेटर, तेही लिहा, व्हॉल्व्ह कसा लावायचा ते सविस्तर सांगतो.