राज्य कुणावर? मुलांच्या खेळाबद्दल वाचकांचे प्रश्न

सुट्टीच्या अंकासाठी मुलांच्या खेळाबद्दल प्रश्न मागवले होते. वाटलं होतं पाच-दहा येतील, पण ढीग झाला. बरेचसे फिरून फिरून तेच होते म्हणून सहा निवडलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

नमस्कार ताई, माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे. सोमवार-बुधवार कथक, मंगळवार-गुरुवार अबॅकस, शनिवारी स्केटिंग. सगळं आवडीने करते, जबरदस्ती अजिबात नाही. पण ज्या दिवशी क्लास नसतो त्या दिवशी नुसती माझ्या मागे मागे फिरते, "आई बोअर होतंय, मी काय करू". मग मी एखादी ॲक्टिव्हिटी काढून देते नाहीतर शेवटी टॅब. तिला आपलं आपण खेळताच येत नाही असं वाटायला लागलंय. त्या दिवसांनाही एखादा क्लास लावू का? – एक आई, वाकड

शेवटचं वाक्य वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. नका हो लावू.

बघा, तुमच्या लेकीला खेळता येत नाही असं नाहीये, तिला सवय नाहीये. पाय कुठे टाकायचा ते कथकच्या ताई सांगतात, मणी कुठला सरकवायचा ते अबॅकसचे सर सांगतात, आणि घरी आलं की ॲक्टिव्हिटी तुम्ही काढून देता, त्यामुळे रिकामा तास तिला कसा वाटतो तर सर न आलेल्या क्लाससारखा. कोणीतरी येईल आणि सुरू करून देईल म्हणून ती वाट बघत बसते. तर तुम्ही जायचंच नाही. "बोअर होतंय" म्हणाली की "बरं" म्हणायचं आणि आपली भाजी निवडत राहायचं. पहिले चार-पाच दिवस ती तुमचं डोकं खाईल, हे आधीच सांगून ठेवते, अर्धा-अर्धा तास पायात घुटमळेल, रुसेल, टॅब मागेल. तो द्यायचा नाही एवढं एकच पथ्य. मग कधीतरी ती चादर ओढून घेईल, खुर्च्या आडव्या करेल, कपड्यांचे चिमटे पळवेल आणि घर करेल. तेव्हा "वा छान" म्हणायला जाऊ नका आणि स्टेटसला टाकायला फोटो तर मुळीच काढू नका, कारण मोठ्या माणसाचं लक्ष गेलं की खेळाचा तिथल्या तिथे कार्यक्रम होतो.

पण हे झालं एकटीचं, आणि खरी गंमत चार पोरांत आहे. तुमच्याकडे पोरं असतील हो बिल्डिंगमध्ये, पण एकीचा क्लास सोमवारी, दुसऱ्याचा मंगळवारी, मग सगळी एकाच वेळी खाली भेटणार कधी? म्हणून एखादा क्लास सोडून द्या आणि शेजारच्या दोन-तीन आयांशी ठरवा की अमुक दोन दिवस संध्याकाळी पोरं खाली. वेळ तेवढी तुम्ही ठरवायची, बाकी काही ठरवायचं नाही.

मी हा हट्ट का धरते ते सांगते. लपाछपी नाहीतर डबा ऐसपैस सुरू व्हायच्या आधीचा गोंधळ आठवतोय ना? चकायचं कसं, राज्य कुणावर, कुठपर्यंत लपायचं, गच्ची चालेल का, टाइमप्लीज किती वेळा घ्यायचं. कधीकधी यातच अर्धी संध्याकाळ जायची, आणि मोठ्या माणसांना वाटतं की पोरं खेळायचं सोडून भांडतायत. अहो ते भांडण म्हणजेच खेळ! झाँ पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होते, ते जिनिव्हा आणि नॉशातेलमधल्या मुलांबरोबर गोट्या खेळायला बसायचे, म्हणायचे मी लहानपणी खेळायचो पण आता विसरलो, मला शिकव. १९३२ साली त्यांनी यावर लिहिलं. अगदी लहान मुलांना विचारलं की हे नियम कोणी केले, तर ती म्हणायची मोठ्यांनी, कोणी म्हणायचं देवाने, आणि ते बदलायचे म्हणजे पापच. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मात्र कळलेलं होतं की सगळ्यांनी हो म्हटलं तर नियम बदलता येतो. हे त्यांना शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, एकमेकांशी हुज्जत घालून घालून कळलं होतं. स्केटिंगच्या क्लासमध्ये ही हुज्जत घालायला मिळतच नाही कारण नियम सरांचे आणि शिट्टीही सरांची.

आणि आपलं लिंबूटिंबू बघा. धाकटा भाऊ मागे लागलाय, त्याला घेतलं तर खेळ बिघडतो, नाही घेतलं तर तो रडत आईकडे जातो आणि सगळ्यांनाच वर बोलावणं येतं. म्हणून पोरांनीच तोड काढली, तो खेळात आहे पण त्याच्यावर राज्य येत नाही. कुठल्याही कमिटीला सुचणार नाही अशी तोड आहे ही. अमेरिकेतले पीटर ग्रे म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, ते म्हणतात की खेळ कधीही सोडता येतो हीच त्यातली मोठी ताकद आहे. "जा, मी नाही खेळत" ही धमकी प्रत्येकाच्या खिशात असते, त्यामुळे दांडगटालाही थोडं नमतं घ्यावंच लागतं, नाहीतर गडीच उरत नाहीत. अबॅकसमधून तुमची लेक अशी उठून जाऊ शकते का? फी भरलीये ना!

सप्रेम नमस्कार. नातू नऊ वर्षांचा, सुट्टीत मुंबईहून येतो. परड्यात आंब्याचं झाड आहे, त्यावर चढतो. आम्हीही चढलोच की. पण सूनबाई खालून "पडशील पडशील" करत उभी असते आणि मग घरात वाद. कोणाचं बरोबर? – एक आजोबा, तासगाव

काका, आधी सूनबाईंची बाजू घेते. त्यांना ते झाड ओळखीचं नाही, तुम्ही पन्नास वर्षं बघताय. आणि हात मोडला तर रजा त्यांची जाणार आहे.

आता तुमची बाजू. नॉर्वेतल्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडशी खेळाचे सहा प्रकार सांगितलेत: उंचावर जाणं, वेग, धारदार हत्यारं वापरणं, पाणी नाहीतर विस्तवाजवळ खेळणं, कुस्ती-मारामारी, आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणं. म्हणजे आपल्या लहानपणाची यादीच की! त्यांचं म्हणणं असं की मूल भीती चवीचवीने चाखत असतं, आज या फांदीपर्यंत, उद्या त्या, आणि त्यातूनच भीतीला कसं हाताळायचं ते शिकतं.

तर वाटणी अशी करा. वाळकी फांदी, जवळून जाणारी विजेची तार आणि कठडा नसलेली विहीर ही खाती तुमची, ती रोज सकाळी बघून ठेवायची, कारण ते पोराला दिसत नाही. कुठली फांदी, किती उंच हे खातं त्याचं. त्याला उचलून वर बसवायचं मात्र नाही, आपलं आपण जेवढं चढता येईल तेवढंच, म्हणजे उतरताही येतं. आणि सूनबाईंना सांगा की "पडशील" च्या ऐवजी "पुढचा पाय कुठे ठेवणारेस?" असं विचारून बघा. "पडशील" ऐकून पोर खाली आईकडे बघतं आणि खरंच पडतं.

आमच्या सोसायटीत "पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई" अशी पाटी लागलीये. गार्डन म्हणून एक घसरगुंडी आणि दोन झोपाळे आहेत, तिथे आठ वर्षांच्या वरची मुलं जातच नाहीत. मुलांना खेळायचा हक्क वगैरे काही असतो का? – एक वडील, ठाणे

असतो ना. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम ३१ म्हणजे विश्रांती आणि खेळाचा हक्क, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केलाय. पण सेक्रेटरींपुढे ते कलम फडकवलंत तर पाटी अजून मोठी होईल, माझं ऐका.

घसरगुंडीचं म्हणाल तर वर चढायचं आणि खाली यायचं, आठव्या वर्षी त्यात उरतं काय? कोपनहेगनमध्ये सोरेन्सन नावाचे बागांचे रचनाकार होते, मुलांसाठी मैदानं आखून द्यायचे, आणि त्यांच्या लक्षात आलं की पोरांचा जीव बांधकामाच्या जागेवरच्या फळ्या-विटांत रमतो. मग १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये, एम्ड्रप भागात अडगळीचं मैदान उघडलं, तिथे फळ्या, विटा, हातोड्या, आणि पोरं आपली आपण घरं बांधतायत, पाडतायत. तुमच्याकडे प्रत्येक फ्लॅटमध्ये नव्या फ्रिजचे खोके, थर्माकोल, जुन्या गाद्या निघतात, त्या भंगारवाल्याकडे जायच्या आधी आठवडाभर पोरांना द्या.

पार्किंगचं असं करा, साडेपाच ते सात एक बाजू मोकळी, गाडीवाले त्या वेळेत गाड्या दुसरीकडे लावतील, बॉल फक्त रबरी. आणि हा ठराव घेऊन मीटिंगला तुम्ही जाऊ नका, पोरांना पाठवा. दहा-बारा वर्षांची पोरं नियम स्वतः लिहून आणतात, काच फुटली तर काय करायचं तेसुद्धा. आमच्याकडे पोरांनी असं केलं होतं, आणि त्यांचे नियम कमिटीच्या नियमांपेक्षा कडक निघाले. वरच्या मजल्यावरच्या आजींची झोपायची वेळसुद्धा घातली होती त्यांनी त्यात.

ताई, मी बालवाडीत शिकवते. आम्हाला खेळातून शिक्षण द्यायला सांगतात. मी रंगांचा खेळ, आकड्यांचा खेळ सगळं घेते. तरी मुलं खिडकीतून बाहेर बघतात. माझं काय चुकतं? – निफाडजवळून

काही चुकत नाही, फक्त तुम्ही घेता तो धडा आहे, खेळाचा सदरा घातलेला. तोही हवाच, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकण्यावरच भर आहे. पण तो खेळ सुरू तुम्ही करता आणि संपवताही तुम्हीच, म्हणून दिवसातला निदान पाऊण तास असा ठेवा की ज्यात तुम्ही नुसत्या बसून आहात.

आणि ती खिडकी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर काम केलं तेव्हा वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात. बाईंनी हट्ट नाही केला, बालवाडीच पाड्यावर नेली, अंगणात, म्हणून ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे. तुमच्याकडे द्राक्षाच्या बागा आहेत, वाळलेल्या काड्या, रिकामे क्रेट, वाळूचा एक ढीग, एवढं मिळालं तरी पुरे. वाळू आणि पाणी एकत्र करू द्या आणि कपडे खराब झाले म्हणून आया ओरडतील त्याची तयारी ठेवा.

मुलगा चार वर्षांचा. तासन् तास एकटाच बोलतो, गाड्यांना रागावतो, "बबडू" नावाचा न दिसणारा मित्र आहे, त्याला जेवायला ताट मागतो. सासूबाई म्हणतात दाखवून आणा कुणाला तरी. – लातूर

बबडूला ताट द्या! चौथ्या वर्षी हे अगदी नेहमीचं आहे. व्हिगॉट्स्की नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ म्हणायचे की खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं, म्हणजे एरवी एक मिनिट गप्प न बसणारा पोरगा "मी पोलीस" म्हटलं की दारात ताठ उभा राहतो. हाक मारली तर बघतो ना, तुमच्याशी आणि इतर मुलांशी बोलतो ना, मग सासूबाईंना निवांत राहायला सांगा. यातलं काही नसेल तर मात्र बालरोगतज्ञांना जरूर भेटा, त्यात लाजायचं कारण नाही.

मुलाशी पत्ते खेळताना मी मुद्दाम हरते, नाहीतर तो डाव उधळतो. बरोबर करते का? – डोंबिवली

किती वर्षांचा ते लिहिलं नाहीत. पाचचा असेल तर हरा खुशाल. आठचा असेल तर बंद करा, कारण खाली पोरं त्याच्यासाठी मुद्दाम हरणार नाहीयेत, दोनदा डाव उधळला की "रडीचा डाव खडी" म्हणून बाहेर काढतील. आणि तो पत्ते लपवताना सापडला तर लगेच ओरडू नका, तुम्हीही एक लपवून बघा. "आई, चीटिंग!" म्हणून ओरडतो की नाही ते मला कळवा.