विमानांच्या फोटोंसाठी ६०० मिमीची लेन्स घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५५-२५० मिमीची झूम आहे, तिच्यावर काढलेले विमानांचे फोटो मऊ, थरथरल्यासारखे येतात, तर ६०० मिमीची लेन्स घ्यावी का? आणि विमानतळाच्या कुंपणाशी कॅमेरा घेऊन उभं राहिल्यावर कोणी हटकेल का?

लेन्स घेऊ नका. निदान आत्ताच नको.

मी स्वतः यात पोळलोय. भर दुपारी, दीडेक किलोमीटरवर एक बोइंग ७४७ धावपट्टीवर टेकत होतं. मी खुशीत दहा-पंधरा फोटो काढले. घरी मोठ्या स्क्रीनवर उघडले, तर खिडक्यांची सरळ रांग साप सरपटल्यासारखी वाकडी आणि शेपटीजवळचं रजिस्ट्रेशन, म्हणजे विमानाचा नंबर, हलत्या पाण्याखालून वाचावं तसं. लेन्सचा फोकस बिघडला म्हणून ती तपासायला दिली. आठ दिवसांनी परत आली, दोष काहीच नाही. पाणी भलतीकडेच मुरत होतं. तापलेल्या डांबरावरून गरम हवा उठते, तिच्यात थंड हवा मिसळत राहते आणि या थरांतून येताना प्रकाश सतत वाकतो. तुमच्या आणि विमानाच्या मधे अशी हवा जितकी जास्त, तितका फोटो मऊ. लांब लेन्स ती हवासुद्धा इमानेइतबारे मोठी करून दाखवते.

त्यामुळे लांबून ओढण्यापेक्षा जवळ जाणं बरं. तुमची २५० मिमी किती पुरते, त्याचा हिशेब सोपा आहे. एअरबस ए३२० साडेसदतीस मीटर लांब असतं. तुमच्या कॅमेऱ्यावर ते साधारण सव्वाचारशे मीटरवरून फ्रेम काठोकाठ भरतं. बोइंग ७७७-३००ईआर जवळपास ७४ मीटरचं, ते तर आठशे मीटरवरूनच भरतं. आता उतरणारी विमानं बहुतेक ठिकाणी तीन अंशांच्या उतारावरून येतात. म्हणजे धावपट्टीच्या तोंडापासून दोन किलोमीटर अलीकडे ती जेमतेम १२० मीटर उंचीवर असतात. त्या रेषेच्या बाजूला दोन-तीनशे मीटरवर एखादा सार्वजनिक रस्ता किंवा मैदान सापडलं की काम झालं. तिथून कॅमेरा वर वळलेला असतो, त्यामुळे जमिनीलगतची तापलेली हवा मधे फारशी येत नाही. सूर्य उगवल्यापासूनचे पहिले दोन तास आणि मावळतीआधीचा तास सोडून धावपट्टीवरच्या विमानांच्या नादी मी आता लागत नाही. अपवाद पावसाळी, ढगाळ दिवसांचा. हवेत दमटपणा भरपूर असला, तर पंखांवर पांढरी वाफ धरते आणि तो फोटो कडक उन्हातल्या शंभर फोटोंना भारी पडतो.

उभं कुठल्या टोकाला राहायचं, हे मात्र वारा ठरवतो. विमानं वाऱ्याच्या तोंडावर उतरतात आणि उडतात. धावपट्टीवर रंगवलेला आकडा म्हणजे तिच्या दिशेचे चुंबकीय अंश, जवळच्या दहाला धरून आणि शेवटचं शून्य गाळून. २७ म्हणजे २७०, पश्चिम. पश्चिमेचा वारा असेल तर विमानं पूर्वेकडून येऊन २७ वर टेकतील. वारा फिरला की तीच पट्टी उलट्या बाजूने ०९ होते आणि तुम्ही चुकीच्या टोकाला बसून राहता. घरातून निघण्याआधी फ्लाइटरडार२४ या उडती विमानं नकाशावर दाखवणाऱ्या साइटवर दोन-तीन विमानं कुठून उतरताहेत ते पाहा. बहुतेक विमानं आपली जागा आणि उंची स्वतःच रेडिओवरून सांगत असतात, तेच तिथे दिसतं. मग पट्टीची कुठली बाजू, ते सूर्य सांगेल: तो आपल्या पाठीशी हवा.

सेटिंगमध्ये फार गुंतू नका. जेटला १/१००० सेकंद शटर, एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) उजेडाप्रमाणे. पंख्याच्या विमानाला मात्र हेच शटर घातक. एटीआर ७२-६०० या छोट्या प्रवासी विमानाचा पंखा टेकऑफला मिनिटाला १२०० फेऱ्या मारतो, म्हणजे सेकंदाला २०. १/१००० मध्ये पातं जेमतेम सात अंश सरकतं, फोटोत पंखा गोठतो आणि विमान खिळ्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. १/१२५ ला पातं ५८ अंश फिरतं. पाती सहा, दोघांत अंतर ६० अंशांचं, म्हणजे जवळजवळ पूर्ण चकती मिळते. पण मग कॅमेरा विमानाच्या वेगाने फिरवावा लागतो, त्यालाच पॅनिंग म्हणतात. सुरुवातीला वीसातला एखादा फोटो धड येईल. माझे अजूनही पाचातले तीन जातात.

हटकण्याबद्दल. हटकतील. नियम देशोदेशी वेगळे असतात, ते आधी वाचा, आणि ज्या विमानतळावर लष्करही आहे तिथे जास्तच जपून. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसच्या कालामाता इथे लष्करी तळावरचा एअर शो पाहायला गेलेल्या १२ ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरना, म्हणजे विमानं पाहण्याचा छंद असलेल्यांना, हेरगिरीच्या संशयावरून पकडलं होतं. एप्रिल २००२ मध्ये ते दोषी ठरले, अपिलात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुटले. विमानांचे नंबर वहीत टिपून ठेवण्याचा छंद त्या न्यायालयाला समजावता समजावता वर्ष गेलं.

मी ओळखपत्र जवळ ठेवतो, कुंपणाला टेकत नाही, शिडी नेत नाही आणि कोणी विचारलं तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचे फोटो दाखवतो. मागे एका सुरक्षारक्षकाने सगळे फोटो निवांत पाहिले, मग हळूच म्हणाला, "साहेब, वारा फिरलाय. आता पलीकडून उतरतील, इथे थांबून उपयोग नाही."