चाचे पकडले, पुढे काय?

बडोद्याहून, दांडिया बाजारातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने ‘रुएन’ जहाज सोमाली चाच्यांच्या ताब्यातून सोडवलं, तेव्हापासून त्याला तटरक्षक दलाचं वेड लागलंय. डोळे तपासले, तर लाल-हिरव्या रंगांत गल्लत होते असं निघालं. वडील लिहितात, ‘रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायच्या इशिहारा चाचणीच्या चकत्या त्याच्याकडून रोज रात्री पाठ करून घेतो. चालून जाईल ना? नाहीतर मर्चंट नेव्हीत एक एजंट सांभाळून घेतो म्हणतोय. शिवाय आशियाई देशांच्या त्या रीकॅपमध्ये भरती कधी निघते?’ पत्राच्या तळाशी मुलाच्या अक्षरात एकच ओळ आहे: ‘पकडलेल्या चाच्यांचं पुढे काय होतं?’

नमस्कार. तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्यापेक्षा मला त्या चकत्यांनी जास्त अस्वस्थ केलं. त्यातली एक चकती अशी आहे की सगळ्यांना तिथे ७४ दिसतात आणि लाल-हिरव्याची गल्लत होणाऱ्याला बहुधा २१. म्हणजे तुमच्या मुलाला २१ दिसत असताना तुम्ही त्याला ७४ म्हणायला लावताय. तेही रोज, घरच्या टेबलावर, बाबांसमोर. त्यातून तो काय शिकत असेल? आपल्या डोळ्यांना दिसतं ते बोलायचं नाही, आणि आपण आहोत तसे बाबांना चालणार नाही. हे आजपासून बंद करा. त्याचा यात काडीचाही दोष नाही, हेही त्याला तुमच्याच तोंडून ऐकू द्या.

आणि समजा, चालून गेलं. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. समोरचं जहाज कुठल्या दिशेला चाललंय, हे अंधारात त्या दोन रंगांवरून ओळखायचं असतं. तिथे पाठांतर कामाला येत नाही. जीव जातात, त्याचाही आणि दुसऱ्यांचेही. त्या एजंटला तर दारातूनच परत पाठवा. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं हाच गुन्हा आहे.

आता रीकॅप. तुमच्यासारखे बरेच पालक याला एखादी आंतरराष्ट्रीय फौज समजतात. तो आशियातल्या चाचेगिरीविरुद्धचा सरकारा-सरकारांतला करार आहे. २००४ मध्ये मसुदा ठरला, २००६ मध्ये तो लागू झाला. त्याच्या सिंगापूरच्या केंद्राकडे ना बोटी आहेत ना बंदुका. कुठल्या जहाजावर, कुठे, किती वाजता कोण चढलं, ही माहिती ते सदस्य देशांकडून गोळा करतं, तपासतं आणि सगळ्यांना कळवतं. भारतात हे काम तटरक्षक दलाकडे आहे. नुसती माहिती कशाला, असं वाटेल. पण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत जे घडतं ते कायद्याच्या भाषेत सशस्त्र दरोडा, आणि खुल्या समुद्रावर घडलं तर चाचेगिरी. सिंगापूरची सामुद्रधुनी इतकी चिंचोळी आहे की रात्री इंजिनाचे सुटे भाग उचलणारी टोळी थोड्याच वेळात शेजारच्या देशाच्या पाण्यात शिरते. पाठलाग करणाऱ्या बोटीला तिथे थांबावंच लागतं. पलीकडच्याला वेळेवर फोन गेला, तरच ती टोळी हाती लागते.

आता तुमच्या मुलाची ती ओळ. संपूर्ण पत्रात सगळ्यात हुशार वाक्य तेच आहे. १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियाजवळ पळवलं गेलं. चाच्यांनी त्याचं नाव बदललं, तरीही आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने ते अरबी समुद्रात गाठलं. चाच्यांना मुंबईत आणलं. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीसाठी वेगळा कायदाच तेव्हा आपल्याकडे नव्हता. तो संसदेत मंजूर झाला २०२२ च्या डिसेंबरमध्ये. ‘रुएन’वरच्या ३५ चाच्यांना मुंबईत आणलं, ते याच कायद्याच्या जोरावर. शिपाई आणि बोटी आपल्याकडे तेव्हाही होत्या. कमी पडला तो कायदा. माझ्या मते तुमच्या मुलाचं मन तिथेच अडकलंय. युनिफॉर्म ही तुम्हा दोघांनी त्यावर चढवलेली कल्पना आहे.

तेव्हा त्याला वकिलीकडे जाऊ द्या. बारावी सायन्सवाल्याला क्लॅट, म्हणजे विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देता येते आणि गांधीनगरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ घरापासून दोन-अडीच तासांवर आहे. घरीच राहायचं असेल, तर पदवी करून सयाजीराव विद्यापीठातून तीन वर्षांचं एलएलबी. सागरी कायद्याचा विशेष अभ्यास नंतर गांधीनगरच्याच गुजरात मेरिटाइम युनिव्हर्सिटीत करता येईल. जहाज कंपन्या, विमा कंपन्या, बंदरं यांना सागरी कायदा जाणणारी माणसं लागतात. चष्म्याचा किंवा रंगांचा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

‘सागरी चाचेगिरी विरोधी कायदा, २०२२’ इंटरनेटवर मिळतो आणि एका बैठकीत वाचून होतो. तो प्रिंट काढून मुलाच्या हातात द्या. वाचताना त्याला जे प्रश्न पडतील, ते त्याने स्वतः मला लिहावेत. पुढचं पत्र त्याच्याकडून आलं तर मला जास्त आवडेल.