ड्यूकसाठी पॅडॉक स्टँड: माझं मत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी केटीएम ड्यूक 390, मेन स्टँड नाही, पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, दर पंधरा दिवसांनी चेन साफ करायची, कधीतरी चाकही काढायचं. मग पॅडॉक स्टँड (चाक हवेत राहील अशी गाडी उचलून धरणारा सुटा स्टँड) रबरी पॅडवाला स्वस्त घ्यावा, स्पूलवाला (गाडीला लावलेल्या रिळासारख्या गोल तुकड्यांना धरून उचलणारा) घ्यावा, की इंजिनखाली लावायचा कात्रीसारखा जॅक? आधी उत्तर देऊन टाकतो. मागच्या चाकाचा, स्पूलवाला घ्या. पुढचा आत्ता नको, जॅक तर नकोच.

कात्री जॅकला गाडीच्या पोटाखाली सपाट आणि भक्कम जागा लागते. ज्या गाड्यांच्या फ्रेमचे दोन पाईप इंजिनखालून जातात त्यांना तो चालतो. ड्यूकची जाळीदार फ्रेम इंजिनच्या वरच राहते, खाली उघडं इंजिन. त्यातून तुमची गाडी 2017 च्या आधीची किंवा 2023 मध्ये आलेली नवी असेल तर सायलेन्सरचा डबाही पोटाखालीच. जॅक टेकणार कुठे? डब्यावर, नाहीतर ऑइलच्या ड्रेन नटवर.

आता पॅड की स्पूल. पॅडवर चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) नुसता टेकलेला असतो, त्याला आडवं धरून ठेवणारं काही नसतं. माझा पहिला स्टँड पॅडवालाच होता, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला. खंडेनवमीला गाडी धुवायची म्हणून चाक काढायला बसलो, आणि एक्सलचा नट गाडी उचलल्यानंतर सोडवायला गेलो. लांब पान्याला जोरात झटका दिला, पॅडवरून चिमटा घसरला आणि गाडी डावीकडे आडवी. मी उजव्या बाजूला बसलो होतो म्हणून वाचलो, क्लचचा लिव्हर नाही वाचला. चूक निम्मी माझीच. एक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच, मागचा ब्रेक दाबून ढिला करून घ्यायचा, मग गाडी उचलायची. पण स्पूल असते तर त्या झटक्याला गाडी बहुतेक तशीच राहिली असती, कारण स्टँडच्या आकड्याच्या खाचेत स्पूल बसला की तो बाजूला सरकत नाही. शिवाय पॅड नेमका चेन अ‍ॅडजस्टरच्या आसपास येतो आणि चेन ताणताना तोच आड येतो. हा त्रास रोजचा.

स्पूल लावायला चिमट्याला दोन्ही बाजूंनी आटे असलेली भोकं लागतात. ड्यूकला ती आहेत. बाजारात 6, 8 आणि 10 मिलिमीटरचे स्पूल मिळतात, तेव्हा अंदाजाने घेऊ नका. भोकात हाताने अलगद फिरणारा बोल्ट शोधा आणि तोच खिशात टाकून दुकानात जा. पुण्यात असाल तर नाना पेठेत.

दुकानात गेल्यावर ‘300 किलो’ वगैरे स्टिकरवर भाळू नका. तुमची गाडी 170 किलोच्या आसपास, आणि मागच्या स्टँडवर येतं त्यातलं साधारण निम्मं. वजनाने स्टँड मोडत नाही, तो डगमगतो. म्हणून स्टँडचे दोन्ही हात धरून एकमेकांकडे दाबून बघा, पिळून बघा. रुंदी कमीजास्त करायचा बोल्ट घट्ट केल्यावर तिथे जराही खेळ राहता कामा नये. वेल्डिंग बोटाने चाचपा, रंगाखाली फट लपते. दांडा लांब असेल तितका जोर कमी लागतो, हे तर दिसतंच.

तुमची खरी अडचण मला पेव्हर ब्लॉकची वाटते. दांडा खाली दाबताना एकतर गाडी थोडी मागे येते, नाहीतर स्टँड पुढे सरकतो. दोघांपैकी एकाला तरी फिरता आलं पाहिजे. स्टँडची छोटी चाकं ब्लॉकच्या फटीत अडकली की सगळा जोर वेडावाकडा जातो. बांधकामावरचा प्लायचा जाड तुकडा मागून आणा, स्टँड पूर्ण मावेल एवढा. उताराची जागा असेल तर प्लायनेही भागणार नाही, दुसरी जागा बघा.

एकट्याने उचलायची पद्धत: गाडी न्यूट्रलमध्ये, साइड स्टँडवर. मागे उभं राहून डाव्या हाताने ग्रॅब रेल धरून गाडी सरळ करा, उजव्या हाताने स्टँड पुढे आणून दोन्ही आकडे स्पूलखाली लावा. खाली वाकून दोन्ही बाजू डोळ्यांनी बघा, चाचपण्यावर विसंबू नका. मग दांडा संथपणे जमिनीपर्यंत दाबा, झटका द्यायचा नाही. वर गेल्यावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने आवळून बांधा. बरेच जण इथे गिअर टाकून निश्चिंत होतात. मागचं चाक हवेत आहे, गिअर कोणाला धरणार?

तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना एकाने ‘इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये चेन फिरवा, पटकन होतं’ असं लिहिलंय. कृपा करून नका करू. फडकं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) ओढलं जातं आणि त्यामागून बोटं. इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. आणि चेनच्या कड्यांमध्ये रबरी रिंगा आहेत, पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं. चेन क्लीनर मारा, कोरडी पुसा, मग चेन ल्यूब किंवा 90 नंबरचं गिअर ऑइल.

पुढचा स्टँड नंतर कधी घेतलात तर लक्षात ठेवा, आधी मागचा लावायचा, मगच पुढचा. शॉकअपच्या खालून उचलणारा स्वस्त पडतो, पण शॉकअपचे ऑइल सील बदलायचे असतील तर त्याचा उपयोग नाही. तिथे टीच्या (हँडलखाली दोन्ही शॉकअप धरणाऱ्या भागाच्या) भोकात पिन घालून उचलणाराच लागतो.

घरात स्प्लेंडर किंवा बुलेटही असेल तर तिच्यासाठी काही घेऊ नका, मेन स्टँड आहे तो बास. आणि ड्यूक पहिल्या दोन-तीन वेळा उचलाल तेव्हा वॉचमनकाकांना सीट धरायला उभं करा.