'कायद्याचं राज्य' आणि 'कायद्याने राज्य' : विभक्ती बदलली की राजा बदलतो

प्रश्न असा होता, की एक अहवाल मराठीत आणायचाय, वेगवेगळ्या देशांत कायदा आणि न्याय कसा चालतो ते तपासणारा, आणि त्यात 'रूल ऑफ लॉ' आणि 'रूल बाय लॉ' हे दोन्ही शेजारी शेजारी येतात, तर दोन्हीला 'कायद्याचं राज्य' म्हटलं तर चालेल का? शिवाय कोर्टांबद्दल येणाऱ्या 'इंडिपेंडंट' आणि 'इम्पार्शियल' या दोन्हीला 'निष्पक्ष' केलंय, ते बरोबर आहे का?

दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे, पण का नाही ते जरा सविस्तर सांगतो कारण इथे मराठी व्याकरण चक्क मदतीला येतं.

'रामाचं राज्य' म्हटलं की राजा कोण? राम. तसंच 'कायद्याचं राज्य' म्हटलं की राजा कायदा, आणि बाकी सगळे, म्हणजे खुर्चीवर बसलेलेसुद्धा, त्याची प्रजा. म्हणजे ही षष्ठी कर्त्याची आहे. आता 'कायद्याने राज्य' घ्या, 'चाकूने भाजी चिरली' तशी तृतीया. इथे कायदा हे हत्यार झालं, चिरणारा हात दुसऱ्याच कुणाचा तरी. एक प्रत्यय बदलला आणि सिंहासनावरचा माणूस बदलला!

पण थांबा, मराठीत एक खोच आहे. आपली तृतीया दोन्हीकडे जाते, 'रामाने आंबा खाल्ला' मध्ये राम करणारा आहे, साधन नाही. त्यामुळे 'तिथे कायद्याने राज्य केलं' हे वाक्य नुसतं वाचलं तर उलटाही अर्थ निघू शकतो, की वा, कायदा राज्य करत होता. म्हणून मी 'रूल बाय लॉ' साठी 'कायद्याच्या जोरावर राज्य' सुचवेन, आणि मजकूर थोडा मोकळा असेल तर 'कायद्याला हाताशी धरून राज्य'. 'हाताशी धरणे' यात कोण कुणाला वापरतंय ते आपोआप कळतं, वेगळी तळटीप नको.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. चिनी भाषेत 'फाझ' अशा साधारण सारख्याच उच्चाराचे दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ कायद्यांची व्यवस्था आणि दुसऱ्याचा कायद्याचं शासन. ऐकताना फरक कळतच नाही, लिहिताना मात्र व्यवस्थावाल्यातल्या दुसऱ्या अक्षरात चाकूचं चिन्ह असतं आणि शासनवाल्यातल्या दुसऱ्या अक्षरात पाण्याचं, म्हणून तिथले लोक 'चाकूवालं' आणि 'पाण्यावालं' असं म्हणून वेगळं करतात. 1999 ला तिथल्या राज्यघटनेत दुरुस्ती झाली तेव्हा पाण्यावालं घातलं. पण त्याच वाक्यात 'कायद्यानुसार देश चालवणे' असंही आहे, आणि चालवणारा कोण हा प्रश्न परत तिथेच येतो.

आता कुणी म्हणेल की हा शब्दांचा कीस झाला, प्रत्यक्षात काय फरक पडतो. तर दक्षिण आफ्रिका बघा. तिथला वर्णभेद म्हणजे काही बेकायदा दंडेली नव्हती, सगळं रीतसर कायदे करून होतं, कुणाची नोंद कुठल्या वंशात करायची त्याचा कायदा 1950 चा, कुणी कुठल्या भागात राहायचं त्याचाही 1950 चाच. आणि गंमत म्हणजे कोर्टंही होती आणि सुरुवातीला ती सरकारच्या विरोधातही गेली. 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय, लोकांना मतदारांच्या सामाईक यादीतून काढायचा कायदा 1951 ला केला, तो 1952 ला सर्वोच्च अपील न्यायालयाने एकमताने रद्द ठरवला. मग सरकारने संसदेलाच कोर्ट बनवायचा कायदा आणला, तोही रद्द झाला. मग 1955 ला काय केलं, तर घटनेच्या खटल्यांसाठी अकरा न्यायाधीशांचं पीठ लागेल असं ठरवून नवे न्यायाधीश भरले, सिनेट, म्हणजे संसदेचं वरिष्ठ सभागृह, 48 वरून 89 वर नेली, त्या जोरावर हा मताधिकार बदलायला लागणारी दोन तृतीयांश मतं जमवली, आणि 1957 ला त्याच कोर्टाने सगळं वैध ठरवलं. एकाच न्यायाधीशाने विरोधी निकाल दिला. यात प्रत्येक पायरीला कलम आणि क्रमांक आहे. याला 'कायद्याचं राज्य' म्हणायचं? मग त्या शब्दाचा उपयोग काय राहिला.

तिसरी एक गोष्ट यात नेहमी मिसळते, 'कायदा आणि सुव्यवस्था'. 'त्या देशात रात्री दोन वाजता एकटं फिरा, काही होत नाही, याला म्हणतात कायद्याचं राज्य' असं लोक सर्रास लिहितात. ती सुव्यवस्था आहे हो, आणि चांगलीच गोष्ट आहे, पण आठातली एक. आठ का म्हणतो, तर वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्ट या संस्थेचा कायद्याच्या राज्याचा निर्देशांक आठ गोष्टी बघतो : सत्तेवर अंकुश, भ्रष्टाचार नसणं, कारभाराचा खुलेपणा, मूलभूत हक्क, सुव्यवस्था, नियमांची अंमलबजावणी, दिवाणी न्याय आणि फौजदारी न्याय. त्यात सिंगापूर सुव्यवस्थेत अगदी वरच्या पायरीवर असतं आणि मूलभूत हक्कांत बरंच खाली. तुमच्या अहवालात 'ऑर्डर' आला की तिथे 'कायद्याचं राज्य' घुसवू नका एवढंच.

आता दुसरा प्रश्न. 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वतंत्र, तो गुण संस्थेचा आहे, न्यायाधीशाला नेमतं कोण, काढतं कोण, त्याची मुदत कोण ठरवतं. हंगेरीने 2012 च्या सुमारास न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 वरून 62 वर आणलं, पोलंडने 2018 ला सर्वोच्च न्यायालयात ते 70 वरून 65 केलं, आणि दोन्ही वेळेला युरोपीय संघाच्या न्यायालयाने ते चूक ठरवलं. कुठला न्यायाधीश पक्षपाती आहे हा तिथे मुद्दाच नव्हता.

'इम्पार्शियल' म्हणजे निःपक्षपाती, हा मात्र समोरच्या खटल्यापुरता, माणसाचा गुण. त्याचं उत्तम उदाहरण पिनोशेचं. 1998 ला ब्रिटनच्या लॉर्ड्सनी, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, चिलीच्या या माजी हुकूमशहाला अटकेपासून संरक्षण नाही असा निकाल तीन विरुद्ध दोन मतांनी दिला, आणि मग कळलं की त्या तिघांतल्या लॉर्ड हॉफमन यांचा अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या एका संस्थेशी संबंध होता, आणि अ‍ॅम्नेस्टी तर त्या खटल्यात बाजू मांडत होती. त्यांनी खरंच पक्षपात केला असं कुणी म्हटलंही नाही, तरी निकाल मागे घेऊन नव्या पीठापुढे सुनावणी घेतली. म्हणजे कोर्ट पूर्ण स्वतंत्र, आणि तरी निःपक्षपातीपणावर बोट ठेवायला जागा.

उलटं उदाहरण आपल्याच भाषेत आहे, 'रामशास्त्री बाणा'. नारायणरावाच्या खुनाबद्दल (1773) राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून निघाले, अशी कथा आपण सगळे सांगतो. निःपक्षपातीपणाचा कळस, मान्य, पण न्यायाधीशाला खरं बोलून घरी जावं लागतं तिथे न्यायपीठ स्वतंत्र होतं असं म्हणता येईल का? म्हणून 'बाणा' हा शब्द मला अहवालात नको वाटतो, तो माणसाबद्दल सांगतो, व्यवस्थेबद्दल नाही.

आणि 'तटस्थ' तर मुळीच वापरू नका, बऱ्याच भाषांतरांत दिसतो तो. तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला, काठावरून बघणारा. न्यायाधीशाला पाण्यात उतरावंच लागतं, एकाच्या बाजूने निकाल द्यावाच लागतो, फक्त ती बाजू आधी ठरलेली नको. 'निष्पक्ष' चुकीचा नाही, पण हिंदीतून जास्त आलाय आणि तिकडे 'फेअर' साठीही तोच वापरतात, त्यामुळे 'फेअर ट्रायल' आली की तुमची पंचाईत होणार. तिथे मी 'न्याय्य सुनावणी' म्हणेन, 'न्याय्य'च्या शेवटी य दोनदा, टाइप करताना एक गळतो.

जाता जाता, 'मुन्सफ' आणि 'इन्साफ' हे एकाच अरबी धातूचे, आणि त्याच धातूचा 'निस्फ' म्हणजे निम्मा. दोघांना सारखं वाटून देणारा तो मुन्सफ. शब्द सुंदर आहे, पण अहवालात चालणार नाही, लोकांना जुना हुद्दाच आठवेल.

'कायद्याचे राज्य' की 'कायद्याचं राज्य', हे तुमच्या संपादकाला विचारा, अहवाल छापील असेल तर बहुतेक 'चे' सांगतील.